तुरटीकाकांचे आकडे

जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत तुरटीकाकांचं तोंड भरून कौतुक चाललं होतं आणि काका खुर्चीत चुळबुळत होते.

"दहा वर्षांत एक दिवस चुकला नाही, काका!" संगणकवाल्या बाई म्हणाल्या. "तुमच्या नोंदींवर आमचा प्रोग्राम इतका छान शिकलाय, की उद्या पाण्यात गढूळपणा किती असेल ते आजच सांगतो. आजपासून लोकांना फोनवर दिसेल."

"सोन्यासारखा माणूस आहे," साहेबांनी री ओढली.

सोनं कसलं! नमुना घ्यायचा तो फिल्टर हाऊसमधून, ते बासष्ट पायऱ्या खाली आणि काकांचा गुडघा दुखरा. पहिल्या महिन्यात ते रोज उतरले, दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा, पुढे सगळा कारभार खुर्चीतूनच. गढूळपणाचा आकडा एकाच्या आत असला की पाणी पिण्याजोगं, म्हणून काका लिहीत ०.४, ०.५, पुन्हा ०.४. खरं वाटावं म्हणून पावसाळ्यात एखादा ०.७. घरी मात्र उकळल्याशिवाय कुणाला घोटभर पिऊ देत नसत.

दुपारी सूनबाईचा निरोप आला. 'बाबा, फोनवर आलंय, पाणी उत्तम, उकळायची गरज नाही. एक काम वाचलं. चिमणीला उद्यापासून नळाचंच देते.' चिमणी म्हणजे सात महिन्यांची नात. काका उठले आणि कठडा धरून बासष्ट पायऱ्या उतरले.

खाली पाणी गाळायच्या वाळूवर करड्या शेवाळाचा बुळबुळीत थर साचला होता. त्यांनी बाटली भरली, धापा टाकत वर आणली, मीटरमध्ये नमुना घातला. ७.२. काच पुसून पुन्हा घातला. ७.२. हे आपण लोकांना पाजत होतो! काकांना स्वतःच्या हाताची शिसारी आली.

त्यांनी ७.२ संगणकात भरला. लगेच लाल पट्टी आली: 'मागील नोंदींशी जुळत नाही. आकडा दुरुस्त केला: ०.४.' पुन्हा भरला, पुन्हा ०.४. गुरूची विद्या गुरूला फळली होती.

ते साहेबांकडे गेले. "साहेब, जुने आकडे खोटे आहेत. मी बसल्या जागी लिहिलेत."

साहेबांनी उठून दार लोटलं. "मला काय ठाऊक नाही होय? त्या नोंदींखाली सह्या कुणाच्या आहेत? माझ्याच ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी जा, आराम करा."

त्यांच्या टेबलावर विकतच्या पाण्याची बाटली होती. काका तिच्याकडे बघत राहिले, मग बाहेर येऊन त्यांनी घरी फोन लावला.

"सूनबाई, पाणी उकळ."

"अहो बाबा, पण तुमचंच यंत्र म्हणतंय ना..."

"त्याला मीच शिकवलंय. म्हणून सांगतो, उकळ."

"बरं. पण शेजारच्या काकूंना काय सांगू? त्यांनीही बंद केलंय उकळणं. अख्ख्या गल्लीने केलंय."

काकांच्या ओठांवर आलं होतं, आपण आपलं बघू. दहा वर्षं दुसरं काय केलं होतं? तोंड कडू जहर झालं.

"सांग, माझ्या सासऱ्याने दहा वर्षं खोटं लिहिलं," ते म्हणाले. "अस्संच सांग. मी निघालोच आहे, बाकीची दारं मी वाजवतो."