चिंधीचं पोट

चिंधीच्या पोटावरचे केस कधी गेले ते घरात कुणाला कळलंच नाही. मांजर आहे, चाटणारच. त्यातून लॉण्ड्रीतलं मांजर, मग तर विचारायलाच नको. "धंदा शिकतेय कार्टी," असं बारक्या म्हणायचा, आणि इस्त्रीवर उभा असलेला त्याचा बाप खाली मान घालून हसायचा. पण ते बारक्या होता तेव्हा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो मोटारसायकल घेऊन बटणं आणायला म्हणून गेला, आणि त्याच्याऐवजी दुकानात फोन आला. त्यानंतर मांजर काय खातं, कुठे झोपतं, हे बघायचं भान कुणाला होतं?

डागबाईला ते दिसलं एका दुपारी. डागबाई म्हणजे बारक्याची आई. सगळा रस्ता तिला याच नावाने ओळखायचा, कारण शाई असो, रक्त असो, वंगण असो, तिच्या हातून डाग जिवंत सुटत नसे. चिंधी काउंटरवर मागचे पाय फाकवून बसली होती आणि पोटाला जीभ घासत होती. खर्र, खर्र, एका लयीत, डोळे अर्धे मिटून. पोट उघडंबोडकं झालेलं. मांड्यांच्या आतलेही केस गेलेले, आणि एका जागी कातडी लालभडक.

"अहो," तिने नवऱ्याला हाक मारली, "हे बघा. ही स्वतःला सोलून काढतेय."

फाटक्या चादरींच्या गठ्ठ्यात सापडलेलं हे पिल्लू बारक्याने खिशात घालून घरी आणलं होतं, म्हणून ती चिंधी. जेवायला त्याच्या मांडीवर, झोपायला त्याच्या उशीवर. पोरगा तर राखता आला नाही, निदान त्याचं मांजर राखू, एवढी एकच गोष्ट डागबाईने मनाशी धरली होती. आता तेही हातचं चाललं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण काम चोख. त्यांनी बारीक दातांच्या फणीने चिंधीला विंचरून पाहिलं, पिसवा नव्हत्या. कातडी खरवडून काचेवर घेतली, बुरशी नव्हती. खाणं बदलून पाहायला सांगितलं, त्यानेही काही फरक पडला नाही. मग एकदा त्या नवरा-बायकोला समोर बसवून म्हणाल्या, "हिला खाज नाहीये. हिला धास्ती बसलीये कसली तरी. घरात अलीकडे काही बदललं का?"

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला.

"मुलगा गेला आमचा," डागबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चिंधीला मांडीवर घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्याची वापरलेली उशी असेल ना? शर्ट, चादर, काहीही चालेल. हिच्याजवळ ठेवून बघा. फक्त धुतलेलं नको. मांजरांना घर कळतं ते वासावरून. तो एकदम नाहीसा झाला की ती भेदरतात. चाटलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं त्यांना, आपण नखं खातो ना, तसं."

"आम्ही लॉण्ड्रीवाले आहोत," डागबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना काही उलगडा झाला नाही. नवऱ्याला झाला. तो उठून बाहेर गेला.

तिने सगळं धुतलं होतं. दुकानात लोक मेलेल्या माणसांचे कपडे घेऊन यायचे, कोट घट्ट छातीशी धरून विचारायचे, बाई, याचं काय करू? डागबाईचं उत्तर ठरलेलं होतं. धुवून ठेवा. वास राहिला की मन त्यातच घुटमळतं. दुसऱ्याला सांगणं सोपं असतं म्हणतात, पण ही बाई सांगितलेलं पाळणारी निघाली. बारक्याच्या चादरी, उशी, पडदे, हातमोजे, खुर्चीवरचं कापड, कपाटामागे पडलेला एकटा मोजा, सगळं तिने गरम पाण्यातून दोनदा काढलं. शेजारपाजारचे म्हणाले, खंबीर आहे हो बाई. खंबीर कसली डोंबलाची. तिला दुसरं काही येतच नव्हतं.

आणि आपण काय धुतोय हे तिला समजलंही नाही, कारण डागबाईला नाकच नव्हतं. इतकी वर्षं ब्लीच आणि स्पिरिट हुंगून ते केव्हाच कामातून गेलं होतं. दूध नासलं तरी ते नवऱ्याने सांगावं. बाहेर मात्र ही गोष्ट फुटू द्यायची नाही, असं तिघांचं ठरलेलं. नाकाने कांदे सोलणाऱ्या गिऱ्हाइकांना कळलं असतं तर धंदाच बसला असता. म्हणून बारक्या तिचं नाक झाला. अगदी लहान असल्यापासून स्टुलावर चढून तो टांगलेल्या कोटांच्या काखेत तोंड खुपसायचा आणि निकाल द्यायचा. वास असला तर नापास, कोट परत पिंपात. वास गेला असला तर पास. पुढे तो उंच झाला, स्टूल गेलं, पण निकाल तोच देत राहिला.

डॉक्टरीणबाईंनी चिंधीच्या गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलं. ती भिंतींवर आपटत फिरली, खाईना. नरसाळं काढलं की दुपटीने चाटायची. लाल जागेतून पाणी यायला लागलं तेव्हा डागबाई दुकानाचं अर्धं शटर ओढून जमिनीवर बसली आणि चिंधीचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं.

"हिलाही मीच घालवणार," ती नवऱ्याला म्हणाली. "पोराचं म्हणून एक जित्तं काही राहिलं होतं, त्याचंही मीच वाटोळं केलं."

नवरा इस्त्री उभी करून ठेवून आत गेला. लोक टाकून जातात आणि परत न्यायला येत नाहीत अशा कपड्यांचा एक कप्पा होता. रोज दुपारी तो कप्पा आवरायला म्हणून तो तिथे जायचा, आणि डागबाई समजायची की डुलकी काढतात. तो एक पाकीट घेऊन आला. प्लास्टिकचं, चिकटपट्टीने बंद केलेलं, वर गिऱ्हाइकाच्या कपड्यांना लावतात तसा नंबर टाचलेला. आत बारक्याचा निळ्या चौकड्यांचा शर्ट. कॉलर मळकी, काखा पिवळ्या.

"तुझ्या ढिगातून काढला होता," तो म्हणाला.

"आणि मला बोलला नाहीत?"

"तू धुतला असतास."

तिने पाकिटावरचा नंबर बोटाने चाचपला.

"रोज एकदाच उघडतो," तो पाकिटाकडे बघत म्हणाला. "एक श्वास घेतो आणि पुन्हा पट्टी लावतो. पुरवून पुरवून. हिला दिला की संपला गं तो. मांजराच्या अंगाखाली किती टिकणार?"

डागबाईने शर्ट हातात घेतला आणि तोंडावर दाबला. नुसतं कापड. तिने कॉलर दाबली, काखा दाबल्या. सुती कापड, बस. "मला काही येत नाही हो," ती म्हणाली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हमसून हमसून रडली. नवरा नाकासमोर चालणारा माणूस, त्याला रडणाऱ्या बाईजवळ जाऊन काय करायचं हे कधी कळलं नव्हतं. त्याने तिच्या हातातून शर्ट काढून घेतला आणि आपणच खुर्चीवर पसरला.

चिंधी आली. कॉलर हुंगली, तोंड किंचित उघडं ठेवून काखेशी थांबली. मग शर्टावर चढली, पुढचे पंजे आळीपाळीने दाबत राहिली आणि तिच्या घशातून ती घरघर सुरू झाली. बारक्या गेल्यापासून दुकानात ती कुणी ऐकली नव्हती. डागबाई बघत राहिली. म्हणजे आहे तर तो यात. आपल्याला नाही, पण हिला येतोय.

पुढचे दिवस त्यातल्या त्यात बरे गेले. लाल जागा सुकली. पोटावर लव आली, बारीक, मऊ. डागबाई रोज सकाळी खुर्चीपाशी जाऊन विचारायची, "येतोय ना गं?" आणि चिंधी तिथेच मुटकुळं करून पडलेली असली की तिचा दिवस निघायचा. संध्याकाळी नवरा गुडघे टेकून शर्टाशी नाक न्यायचा, चिंधी त्याला जागा द्यायची. मग एकदा तो वाकायचा थांबला. गुडघे दुखतात म्हणाला.

आणि एका सकाळी चिंधी शर्टावर उठून उभी राहिली. गोल फिरली, कॉलर हुंगली, काख हुंगली, परत कॉलर. मग खाली उतरली, फरशीवर पाय फाकवून बसली आणि ती नवी लव चाटायला लागली. खर्र, खर्र.

"अहो," डागबाई म्हणाली. "गुडघे दुखत नव्हते ना तुमचे?"

"नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"मला येईनासा झाला. पण ती बसत होती ना त्यावर. म्हटलं, तिला येत असेल अजून. म्हटलं, तुला तेवढेच चार दिवस."

डागबाईने शर्ट उचलला. सगळा चिंधीच्या केसांनी भरला होता. तिने तो नवऱ्यापुढे धरला.

"नीट हुंगून सांगा. पास का नापास?"

त्याने शर्टात तोंड घातलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. बारक्याच्या स्टुलाशेजारी उभी राहून ती निकालाची वाट बघायची तेव्हा पास व्हावं म्हणून जीव टांगणीला लागलेला असायचा. आज ती नापास ऐकायला थांबली होती.

"पास," तो म्हणाला, आणि शर्टाची घडी घालायला लागला. खाली चिंधीची जीभ चालूच होती.