दाराचं खालचं भिंग

विमानात मला सगळ्यांच्या आधी चढवतात आणि सगळ्यांच्या शेवटी उतरवतात. मान कसला, सामानाची गत! माझी खुर्ची खाली बॅगांबरोबर जाते आणि मला एका अरुंद खुर्चीला पट्ट्यांनी आवळून सीटपर्यंत नेतात.

"यांना पाणी हवंय का?" हवाई सुंदरीनं मला ढकलणाऱ्या माणसाला विचारलं.

"मला तोंड आहे हो," मी म्हटलं, "आणि ते चांगलं चालतं."

बिचारी ओशाळली. पाणी मी विमानात पीतच नाही. उठून जाणार कुठे?

खरं तर राग तिच्यावर नव्हताच, दादावर होता. आई गेल्यापासून आमची भेट नाही. आता इतक्या वर्षांनी मी त्याच्या शहरात निघाले, तर हा म्हणतो, "घरी नको, हॉटेलात उतर. जिने आहेत." जिने! लहानपणी माझे पाय गेले तेव्हापासून जो मला पाठीवर घेऊन शाळेचे जिने चढला, ज्यानं भांडणंसुद्धा मला पाठीवर घेऊनच केली, तो मला जिन्यांची सबब सांगतो! फोनवरही हल्ली तुटक बोलायचा. मी त्याला नकोशी झालेय, हे एकदा त्याच्याच तोंडून ऐकायचं आणि परत फिरायचं, असं ठरवून मी निघाले होते.

ढग लागले तसा राग पातळ होत गेला. मी खिडकीला डोकं टेकलं. डोळा लागला की नाही कोण जाणे, पण मी दादाच्या पाठीवर होते. तिथून सगळ्यांच्या टाळू दिसायच्या. माझ्याएवढं उंच कुणीच नसायचं. तो ढगांतून पाय न वाजवता चालत होता आणि मी त्याचा कान धरून त्याला वळवत होते. "डावीकडे घे, दादा." विमान खरंच डावीकडे कललं.

जाग आली तेव्हा सगळे उतरून गेले होते. सीटचे पट्टे लोंबत होते, खिडक्या-खिडक्यांतून ऊन आत येत होतं. न्यायला कुणी येईपर्यंत ते अख्खं विमान माझं होतं. मी थोडी गुणगुणलेसुद्धा.

हॉटेलातली 'सोयीची खोली' म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. न्हाणीघरात धरायला दांडा असतो, पण दारातून खुर्चीच जात नाही. भांडायच्या तयारीनंच मी आत गेले, आणि भांडायला काही सापडेना. न्हाणीघराला उंबरा नव्हता. पलंग खुर्चीच्या उंचीला अगदी बरोबर. गालिचा गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेला.

"तुमच्या भावानं स्वतः येऊन सगळं बघितलं," व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "पलंगाखालचे ठोकळेसुद्धा त्यांनीच काढायला लावले."

दादानं? त्यानं मला जन्मभर नुसतं उचललं. उंबरे त्याच्या गावीही नव्हते. बाई गेल्या आणि मी दाराकडे बघत बसले. दाराला बाहेरचं माणूस बघायची दोन भिंगं होती, एक नेहमीच्या जागी आणि एक खाली, माझ्या डोळ्यांपाशी.

टकटक झाली. बोलायची वाक्यं मी घोकून ठेवली होती. खालच्या भिंगाला डोळा लावला. तिथून माणसाचं पोट नाहीतर कमरेचा पट्टा दिसणार, हे धरूनच चालले होते. दिसला दादाचा चेहरा, अगदी समोरासमोर. मला चिडवायला उकिडवा बसलाय मेला, असं वाटलं. मी दार उघडलं.

तो चाकाच्या खुर्चीत होता.

घोकलेलं सगळं कुठच्या कुठे गेलं. "कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. घरी खरंच जिने आहेत गं. मलाच दोघं मिळून उतरवतात."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस!"

तो चाकावरून हात फिरवत राहिला. "आता तुला पाठीवर घेता येणार नाही," तो म्हणाला. "ते कोणत्या तोंडानं सांगू?"

मला रडूच फुटलं. तो आत यायला लागला आणि आमची चाकं दारात एकमेकांत अडकली.

"गाढवा," मी म्हटलं, आणि हात लांबवून त्याचा कान धरला. "डावीकडे घे."