ताऱ्यांचा सेंट

व्हर्लिननं वडिलांच्या ट्रेमधला शेवटचा सेंट, तांब्याचं जुनं नाणं, टेबलावरच्या मखमलीवर ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"नाण्यांची पाकिटं कुठं गेली रे?" लॉर्नानं विचारलं. "डॅड त्यांच्यावर काहीतरी लिहायचे ना?"

"कुजली होती. फेकली."

फेकली होती त्यानंच, आज सकाळी, बहीण यायच्या आधी. कोणतं नाणं कोणत्या ठशाचं, किती मोलाचं, ते वडिलांनी त्या पाकिटांवर लिहिलेलं. आता सगळी सारखीच: १७९४ सालची, तपकिरी, वर मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवी. फक्त एकाच्या मागं काठाला इवल्या ताऱ्यांची माळ होती. तसली नाणी अख्ख्या अमेरिकेत मोजकीच. वडिलांनी ते व्हर्लिनलाही कधी हातात दिलं नव्हतं. मृत्युपत्रात मात्र लिहून ठेवलं: दोघांनी एकेक उचलायचं, पहिली पाळी लॉर्नाची.

तिला तांब्याच्या नाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याची सगळी भिस्त त्यावरच.

लॉर्नानं एक नाणं वेफर उचलावा तसं उचललं आणि देवीच्या गालावर अंगठा घासला. तांब्यावर घामाचा ठसा बसला की जन्मात जात नाही. व्हर्लिननं हात मांड्यांखाली आणखी दाबले.

तिनं ते ठेवलं. दुसरं घेतलं, घासलं. तिसरं.

"उचल ना एखादं! टोमॅटो निवडतेयस का?"

"घाई काय? जन्मात पहिल्यांदा हात लावतेय."

तिनं खिडकीकडचं नाणं उचललं. अंगठा वर उठला.

"कडेनं धर!"

तो किंचाळलाच.

लॉर्नानं नाणं सावकाश उलटं केलं. मागं काठाला तारे. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"बाकीची मळवली तेव्हा मूग गिळून बसलास की."

"लॉर्ना, ऐक. ते ठेव. हवं तर बाकीची सगळी तू ने."

"डॅडही असेच ओरडायचे. म्हणे, पोरींचे हात घामट. मी दाराबाहेर उभी, आणि तू आत त्यांच्या मांडीवर."

"लहान होतो गं मी."

"मग मी काय म्हातारी होते?"

आता तिनं ते अगदी नीट, कडेनं धरलं होतं. त्याच्यापुढं आणलं. व्हर्लिननं नकळत तळहात पसरला.

लॉर्नानं अंगठा जिभेवर ओला केला आणि ताऱ्यांवर शांतपणे टेकवला. दाबून.

"हे मी घेते," ती म्हणाली. "चल, आता तुझी पाळी."