पाठीचं माप

अली मास्टरांच्या हातची शेरवानी अंगावर चढल्याशिवाय पनवेलच्या मोहल्ल्यातला नवरा नवरा दिसत नाही, असं निदान अली मास्टर तरी म्हणत. नवीन पनवेलात रेडिमेडची चकचकीत दुकानं लागली, तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला होता, मशीन विका आणि माझ्याकडे दुबईला या. मास्टर गेले नाहीत. "मला दुसरं काही इतकं नीट येत नाही," एवढंच त्यांनी कळवलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा झुबेर हवाई दलात लढाऊ विमान चालवायचा. मोहल्ल्याला याचा अभिमान फार आणि समज बेताची. अर्धा मोहल्ला आखातात, त्यामुळे पायलट म्हटलं की लोकांना कुवेतचं तिकीट आठवे. "मास्टर, पोराला सांगून एखादी सीट स्वस्तात बघा की!" असं कुणी म्हटलं की मास्टर शांतपणे सांगत, "त्याच्या विमानात सीटच एक आहे, आणि तिच्यावर तो बसतो."

बारावीनंतर झुबेर खडकवासल्याला एनडीएत निघाला, तेव्हा त्याची आई फहमिदा आठ दिवस धड जेवली नव्हती. फॉर्मवर सही मास्टरांनी केली, पण फुकट नाही. "ज्या दिवशी मी बस म्हणेन, त्या दिवशी खाली उतरायचं. कारण विचारायचं नाही," ते म्हणाले. सतरा वर्षांच्या झुबेरने कबूल केलं. त्याला बारा वर्षं झाली. झुबेर स्क्वाड्रन लीडर झाला, राजस्थानच्या तळावर गेला. तो शब्द मास्टरांनी एकदाही वापरला नाही.

२०११च्या जानेवारीत झुबेर रजेवर आला. एप्रिलमध्ये उरणच्या जास्मीनशी त्याचा निकाह ठरला होता. मागच्या ऑगस्टमध्ये बास्केटबॉल खेळताना पडून पाठीला मार बसला, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. आता सोमवारी बंगळूरला हवाई दलाचे डॉक्टर तपासणार होते आणि लढाऊ विमानात पुन्हा बसू द्यायचं की नाही, ते ठरवणार होते.

शनिवारी सकाळी दुकान उघडताच मास्टरांनी त्याला शेरवानीच्या मापाला उभा केला. खांदा, छाती, बाही, सगळं दोन वर्षांपूर्वीच्या सुटाइतकंच. मानेपासून कमरेपर्यंत टेप सोडला आणि मास्टर थांबले. वही पाहिली. पुन्हा टेप लावला. तिसऱ्यांदा लावला. पाठ पाऊण इंच कमी भरत होती.

पोट वाढलेलं मास्टरांनी हजारदा पाहिलं होतं. पाठ मात्र म्हाताऱ्यांची कमी होते, एकोणतीस वर्षांच्या पोराची नाही.

"झुबेर, बास्केटबॉल खेळून माणूस आखूड होत नाही," ते म्हणाले.

 झुबेरने दुकानाचं दार पुढे ओढून घेतलं आणि स्टुलावर बसला.

"पक्षी इंजिनात गेला, अब्बा. विमान नुकतंच वर उचललं होतं, इंजिन बंद पडलं. अशा वेळी हँडल ओढायचं असतं. खुर्चीच आपल्याला घेऊन बाहेर उडते. त्या दणक्यात मणका दबला. आता भरून आलाय. दुखत नाही."

 त्या ऑगस्टमध्ये पेपरात चार ओळी आल्या होत्या, विमान कोसळलं, पायलट सुखरूप. मास्टरांनी त्या वाचल्या होत्या आणि कुणाच्या तरी पोरावर अल्लाहने मेहेरबानी केली म्हणून चहा पीत पान उलटलं होतं.

"लगेच ओढलंस ना हँडल?"

"नाही. उशीर केला. इंजिन पुन्हा चालू होतंय का, ते दोनदा बघितलं. तेवढ्या उंचीवर एकदाही बघायचं नसतं. छत्री उघडली आणि जमीन आलीच."

"मग का बघितलंस?"

झुबेर ओशाळून हसला. "तुम्हीच सांगायचात ना, गिऱ्हाइकाचं कापड म्हणजे अमानत, जीव गेला तरी बिघडू द्यायचं नाही. दुसऱ्याची एवढी मोठी चीज हातातून टाकून कसं निघायचं, एवढंच डोक्यात होतं."

मास्टरांच्या जिभेवर 'बस' हा शब्द आला होता. तो उच्चारला असता तर पोराने मान खाली घालून ऐकला असता, हे त्यांना ठाऊक होतं. पण दातही आपलेच आणि ओठही आपलेच. पोराला तिथे अडकवून ठेवलं होतं ते त्यांच्याच शिकवणीने.

"परत बसायचंय तुला?"

"हो."

"भीती नाही वाटत?"

"वाटते. पण अब्बा, मला दुसरं काही इतकं नीट येत नाही."

 बाहेर कुणीतरी दार वाजवून निघून गेलं.

"ऐक," शेवटी ते म्हणाले. "तुला मी अर्धंच शिकवलं. माझ्या हातून कापडं बिघडलीत. तीन-चारदा. गिऱ्हाईक ओरडलं, मी दुसरं आणून दिलं, विषय संपला. हे कधी सांगितलं नाही, बापाची इज्जत जाईल म्हणून. चूक माझी आहे. सोमवारी जा. पण यापुढे असं झालं तर पहिल्या झटक्याला सोडायचं. सरकार दुसरं विमान आणेल. मी दुसरा..."  आयुष्यात पहिल्यांदा ते पोरासमोर रडले, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

"सोडीन, अब्बा," झुबेर म्हणाला.

"आता वर जाऊन आईला सांग."

झुबेरचा चेहरा उतरला. "तुम्ही सांगा ना."

"मी काय वेडा आहे?" मास्टर म्हणाले, पण उठले. पोराला आकाशात एकटं धाडायची हिंमत त्यांनी आत्ताच केली होती. फहमिदापुढे एकटं धाडायची मात्र होईना.

फहमिदा भाकरीचं पीठ मळत होती. झुबेरने सगळं सांगितलं, दोनदा बघितल्याचं आणि अब्बांनी सोमवारी जा म्हटल्याचंही.  सांगून झाल्यावर ती म्हणाली, "पाठ कर इकडे."

तो वळला. पिठाच्या हाताने तिने मानेपासून खाली एकेक मणका चाचपला. मधे एका जागी बोटं थांबली आणि तिने तिथे कपाळ टेकलं. झुबेर हलला नाही. मास्टर दारातच उभे राहिले.

"तुझ्या बापाने मला न विचारताच तुला जा म्हटलं," ती तशीच म्हणाली. "मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. आता जा. डॉक्टरांना मात्र सगळं खरं सांग. फोनवर आमच्याशी बोललास तसं बोलू नकोस."

मग तिने डोळे पुसले आणि तवा चुलीवर ठेवला.