पेन्सिलीचा आकडा

चष्मेवालीला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती: वहीवर मोठ्या सिस्टरची सही. तेवढी झाली की या वॉर्डातला महिना पूर्ण, आणि महिना पूर्ण म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी. नाही झाली तर मैत्रिणी पास होऊन कामाला लागणार आणि ही पुन्हा इथंच बेडपॅन धुणार. म्हणून सकाळपासून तिनं तोंडाला कुलूप लावलं होतं.

ते काही सोपं नव्हतं हो! महिनाभर सिस्टरच्या लेखी तिला नाव नव्हतंच, नुसतं “ए चष्मेवाली!” दोन मिनिटं स्टुलावर टेकलं की “मोठी लागून गेलीस!” प्रश्न विचारला तर “कॉलेजात झोपा काढता का?” आणि नाही विचारला तर “तोंड शिवलंय का?” इकडे आड, तिकडे विहीर. नर्सिंगच्या पोरींनी जगायचं तरी कसं?

मोठ्या सिस्टर कामाला वाघीण होत्या, हे खरं. बत्तीस खाटा, नर्स दोन, त्यातली एक रजेवर. बाईंच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. पण म्हणून काय समोरच्याला माणूस समजायचं नाही?

या वॉर्डात एक रीत होती. विद्यार्थिनींनी रक्तदाब मोजायचा, नाडी मोजायची आणि तक्त्यावर पेन्सिलीनं लिहायचं. मग सिस्टर त्या आकड्यावरून पेन फिरवणार. पटला तर! नाही पटला तर खोडरबर होताच टेबलावर.

दुपारी खिडकीजवळच्या मावशींनी चष्मेवालीचा हात धरला. कालच त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. “पोरी, जीव घाबरा होतोय गं माझा.” हात गार, घामानं ओला. तिनं रक्तदाब घेतला: वरचा आकडा नव्वद. पुन्हा घेतला: अठ्ठ्याऐंशी. नाडी तर एकशे वीसनं पळत होती. तिनं लिहिलं आणि धावतच तक्ता टेबलाशी नेला.

सिस्टरनी एक नजर टाकली, खोडरबर उचलला आणि त्या जागी पेनानं एकशे दहा लिहिलं.

“सकाळी एवढाच होता. स्टेथोस्कोपच्या नळ्या कानात उलट्या घातल्या असशील. तुम्हा पोरींना धड मोजता तरी येतं का?”

“सिस्टर, तुम्ही एकदा बघता का? हात गार पडलेत त्यांचे.”

“तू मला शिकवणार? तुझा जन्म व्हायच्या आधीपासून करतेय मी हे. जा, चादरी बदल.”

चष्मेवाली जागची हलली नाही. गप्प बसलं तर संध्याकाळी सही. संतापानं तिचे कान तापले. समोर माणूस जायला टेकलंय आणि ही बाई नळ्यांचं खुसपट काढतेय! गेली खड्ड्यात ती सही, असं मनाशी म्हणत ती थेट शेजारच्या वॉर्डात गेली आणि डॉक्टरांना घेऊनच आली.

डॉक्टरांनी रक्तदाब घेतला तेव्हा तो आणखी उतरला होता. आत रक्तस्राव होत होता. ट्रॉली आली, धावपळ झाली, मावशींना ऑपरेशनला नेलं. जाता जाता डॉक्टर म्हणाले, “बरं झालं सिस्टर, वेळेवर लक्ष गेलं तुमचं, लगेच निरोप धाडलात.”

“ठेवावंच लागतं लक्ष,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. चष्मेवाली तिथंच उभी होती, हातभर अंतरावर. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

संध्याकाळी निरोप आला, मावशी वाचल्या. चष्मेवालीला इतकं हलकं वाटलं की वही पुढे करताना ती हसलीसुद्धा.

“माझ्या डोक्यावरून डॉक्टरांकडे जातेस?” सिस्टर मान वर न करता म्हणाल्या.

“पण सिस्टर, मावशी वाचल्या ना?”

“वाचल्या. ते वेगळं.” आणि त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं: ‘वरिष्ठांचा मान ठेवत नाही. महिना पुन्हा करावा.’

चांगलं करायला जा आणि वर टपली खा! बाहेर बेसिनपाशी चष्मेवाली चेहऱ्यावर पाणी मारत राहिली. राग कुठं काढायचा तेच कळेना. एवढ्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी तक्ता छातीशी धरून धावत आली. तिचा वॉर्डातला दुसराच दिवस होता.

“ताई, कोपऱ्यातल्या आजींचा रक्तदाब घेताना ठोकेच ऐकू येत नाहीयेत मला. जरा येता का?”

“एवढंही येत नाही? मग इथं आलीस कशाला? जा, परत घे!”

ते शब्द इतके झटकन निघाले, जणू तयारच बसले होते. मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. ती एक पाऊल मागे सरली.

“सॉरी, सिस्टर,” ती म्हणाली, आणि पुन्हा काही न विचारता एकटीच आत गेली.