फरशीखालच्या पाइपाचा राग

मी एक जुना लोखंडी पाईप आहे. मित्रांनो, मी गोड बोलणार नाही. माणसांवर माझा राग आहे. तो का आहे, ते ऐका.

कारखान्यात माझ्यावर जस्ताचा मुलामा चढवला, तेव्हा मी लख्ख चकाकत होतो. नांदेडच्या शेषेरावांनी हैदराबादच्या एका लॉजमध्ये बाथटब पाहिला आणि घर बांधताना वरच्या मजल्यावर तसाच बसवून घेतला. टबातले पाणी बाहेर काढून देणे हे माझे काम. टबाच्या तळाशी पितळी जाळी होती. पाहुणे आले की तिचे कौतुक व्हायचे. मी फरशीखाली अंधारात पडून होतो.

त्या टबात कोणी फारशी अंघोळ केलीच नाही. नळाला तीन दिवसांनी पाणी यायचे, म्हणून टब पाणी साठवायलाच वापरला जाई. तळाचा गाळ साचून मी तुंबलो की शेषेराव ॲसिडची बाटली माझ्या घशात रिकामी करत. आधी जस्त गेले, मग लोखंड झिजू लागले. माझे हाल पाहायला कोणी फरशी उचलली नाही. मी मनात म्हणायचो, एक दिवस फुटेन आणि या माणसाला धडा शिकवीन.

मी फुटलो. पण पाणी शेषेरावांच्या घरात गेलेच नाही. ते खालच्या छतात उतरले. खाली नागुबाई आणि त्यांची मुलगी लुंबिनी भाड्याने राहत होत्या. लुंबिनी कॉलेजात नोकरी करायची. तिने तीन वेळा वर येऊन सांगितले, "काका, छत गळून राहिलंय."

"तुमच्या सैपाकाच्या वाफेनं ओल येते," शेषेराव म्हणाले. "माझा पाईप पितळी हाय. त्याला काय बी होत न्हाई. जमत नसंल तर खोली खाली करा."

एका सकाळी छताचा मोठा पोपडा नागुबाईंच्या अंथरुणावर कोसळला. उशीच्या जागी सिमेंटचा ढीग झाला. नागुबाई नुकत्याच चहा ठेवायला उठल्या होत्या, म्हणून वाचल्या.

लुंबिनी तशीच प्लंबर लिंबाजींना घेऊन वर आली. शेषेराव दारात आडवे उभे राहिले. तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई म्हणाल्या, "येऊ द्या त्यांना. म्हातारी मेली असती."

लिंबाजींनी टबाशेजारची फरशी काढली. इतक्या वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. त्यांनी खिशातून चुंबक काढून मला लावले. ते टक्कन चिकटले.

"मालक, पितळाला चुंबक चिकटत न्हाई. जाळी तेवढी पितळी हाय. पाईप लोखंडी हाय, अन् ॲसिडनं पार सडलाय." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्यावर टेकवला. जोर न लावताही तो आरपार गेला.

"ॲसिड कोण ओतत होतं?" लक्ष्मीबाईंनी विचारले. शेषेरावांनी कोपऱ्यातली बाटली पायाने मागे सारली.

लिंबाजींनी मला कापून काढले. जाळी बदलली, खाली नवे रबर घातले, माझ्या जागी पीव्हीसी पाईप बसवला. टब भरून सोडला. खाली एक थेंबही पडला नाही.

"झालं आता. राहा निवांत," शेषेराव लुंबिनीला म्हणाले.

नागुबाई जिना चढून आल्या होत्या. धापा टाकत म्हणाल्या, "वाफेनं पडलं म्हणलात. चुकलं म्हणा की एकदा."

शेषेरावांनी मान फिरवली. आठ दिवसांत मायलेकींनी सामान ऑटोत भरले आणि त्या गेल्या.

आता मी भंगारात पडलो आहे. मित्रांनो, ज्याच्यावर माझा राग होता, त्याच्या पायालासुद्धा माझे पाणी लागले नाही. ज्या म्हातारीने माझे काही बिघडवले नव्हते, तिचा जीव मी घेणार होतो. तुमच्या घरातले पाईप कसले आहेत ते बघा. तुंबला तर ॲसिड ओतू नका, प्लंबरला बोलवा. आणि खालचे माणूस गळती सांगायला आले, तर आधी फरशी उचला. त्याच्याशी भांडत बसू नका. आम्ही फुटल्यावर कुणाच्या डोक्यावर काय पडेल, हे आमच्या हातात नसते.