माझ्या खांद्यावरचं दुसरं भोक

साहेब, माझा हात तुम्ही वर केलात. तुम्ही नाही, तर तेव्हा तुमच्या खुर्चीत जो कोणी बसला होता त्यानं. आणि आज त्याची खूण बुजवायला तुम्ही पुट्टीचा डबा पाठवलात.

मित्रांनो, दचकू नका, हे तुम्हाला नाही. पण जरा थांबा माझ्याजवळ. साहेबांना फोन गेला आहे. ते निघाले आहेत. ते पोचायच्या आत मला सगळं सांगून व्हायला हवं.

मी एक जुना लाकडी ससा आहे. अलाबामातल्या आमच्या शहराच्या बागेत तळ्याभोवती छोटी आगगाडी फिरते. तिच्या फाटकाशी मी एक हात आडवा धरून उभा असायचो. माझ्या पोटावर लिहिलं आहे, 'माझ्या पंजाला डोकं लागलं, तर बस गाडीत.' व्हर्जिल नावाच्या सुतारानं मला पाइनच्या फळीतून कापलं. पंजाची उंची त्यानं आपल्या मुलीच्या डोक्यावरून घेतली, साडेतीन फूट. हात वेगळ्या फळीचा केला. हिवाळ्यात काढून ठेवता यावा म्हणून तो खांद्याला लोखंडी खुंटीनं बसवला. खुंटीसाठी खांद्यात भोक एकच. हे लक्षात ठेवा, एकच.

सुरुवातीची वर्षं सुखाची होती. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांचे पुडे घेऊन कुटुंबं रांगेत उभी राहत. गाडी चालवणारा हॉलिस मोठा गमत्या होता. "टाच खाली, राजा! केस फुगवून उंची वाढत नाही!" म्हणत तो पोरांच्या डोक्यावर टपली मारायचा. वाढदिवसाला आईबाप मुलांना माझ्या हाताखाली उभं करून फोटो काढायचे. सगळे मला शहाणा ससा म्हणायचे. ती सगळी मुलं गोऱ्यांची होती, हे मला कधी खटकलं नाही. लाकडालाही लाज वाटायला हवी होती.

मग एकोणीसशे चौसष्टचा उन्हाळा आला. कायदा बदलला, आणि काळ्यांच्या मुलांनाही बागेत सोडणं भाग पडलं. त्याच आठवड्यात ऑफिसातून टाय लावलेला एक माणूस आला. त्यानं माझ्या खांद्यावर, पहिल्या भोकाच्या चार बोटं वर, दुसरं भोक पाडून घेतलं. हॉलिसला म्हणाला, "रांगेत कोण आहे ते बघायचं आणि खुंटी त्याप्रमाणे लावायची. समजलं ना?"

हॉलिसला समजलं. त्या दिवसापासून त्याच्या गमती संपल्या.

पुढच्याच रविवारी सहा वर्षांची व्हर्निटा आली. पिवळा फ्रॉक, घट्ट वेण्या. तिची आई शिवणकाम करायची. तिनं शिवलेला कपडा कधी उसवून पुन्हा बेतावा लागला नव्हता. तिनं स्वयंपाकघराच्या चौकटीशी लेकीला टेपनं मापूनच आणलं होतं. साडेतीन फुटांवर दोन केस जास्त.

माझ्या पंजाखाली ती चार बोटं कमी भरली.

"घरी तर बरोबर भरली होती," आई म्हणाली.

"घरचं माप घरी, बाई. पुढे चला," हॉलिस म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता.

तिच्या आधी गेलेला लाल केसांचा गोरा पोरगा तिच्याहून बुटका होता. मी पाहिलं. आणि गप्प राहिलो, सशाचंच काळीज माझं.

व्हर्निटा त्या उन्हाळ्यात तीनदा आली. मधल्या दिवसांत वाढायचं म्हणून ती झाडाच्या फांदीला लोंबकळायची, नको असलेली भाजी मुकाट गिळायची. तिसऱ्या खेपेला ती आईवर ओरडली, "तुला मापताच येत नाही! खोटारडी!" आईनं हातातला टेप गुंडाळला आणि पिशवीत टाकला. पुढच्या उन्हाळ्यात त्या आल्या नाहीत.

पुढे फाटक नवं झालं आणि मी शेडमध्ये गेलो. गांधीलमाश्यांनी माझ्या कानात घर केलं. साठ वर्षं कुणी विचारलं नाही. आता एकाएकी, साहेब, तुम्हाला माझी आठवण झाली. मला रंगवून उद्या बागेच्या दारावर टांगणार आहात, खाली पाटी लावून: 'पहिल्या दिवसापासून प्रत्येक मुलाचं स्वागत करणारा ससा.'

आज सकाळी रंगारीण टेसा माझ्या भोकात पुट्टी भरणार, एवढ्यात जुना ससा परत लागणार हे ऐकून, नातीचा हात धरून एक बाई शेडच्या दाराशी थांबल्या. व्हर्निटा! मी ओळखलं. वाकून माझा खांदा बघताना त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"पोरी, ही भोकं दोन का गं?"

"कुणास ठाऊक, आजी. मला बुजवायला सांगितलंय."

व्हर्निटाबाईंनी पिशवीतून आईचा टेप काढला. जुना, कडा झिजलेला. माझा हात आधी खालच्या भोकात लावून मापलं, मग वरच्या. दोनदा मापलं. मग हात पुन्हा खालच्या भोकात लावून नातीला, नायलाला, त्याखाली उभं केलं. तिचं डोकं पंजाला लागलं.

"बरोबर होतं माझ्या आईचं माप," त्या म्हणाल्या. "आणि मी तिला खोटारडी म्हणाले. ती जाईपर्यंत माफी मागितली नाही मी."

टेसानं पुट्टीच्या डब्याला झाकण लावलं आणि ऑफिसात फोन केला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "लाकूड जुनं आहे, किडीनं पडलं असेल भोक. तू बुजव. मी येतोच."

"किडीनं?" व्हर्निटाबाई हसल्या. "चांगली शिकलेली कीड दिसते. गोल कोरते, तेही मापून." आणि त्यांनी आपलं बोट वरच्या भोकात घातलं. तेव्हापासून ते तिथेच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला शाळेत शिकवतात. जपा. पण आमच्या अंगावर काय केलं गेलं, तेही जपा. नवा रंग पाहून लगेच टाळ्या वाजवू नका, आधी खाली काय आहे ते विचारा.

बाहेर खडीवर मोटार थांबली. माझं पाइनचं काळीज धडधडतं आहे. हे बोट काढायला लावतील का? टेसा झाकण उघडेल का? बूट जवळ येत आहेत.

"आजी, बोट दुखत नाही?" नायलानं विचारलं.

"दुखतंय. पण काढणार नाही."

या साहेब. आत या. आणि या बाईंच्या तोंडाकडे बघून सांगा: हे दुसरं भोक कुणी पाडलं, आणि कुणासाठी?